बिअर्डेड ड्रॅगनची पेटी: बल्ब सारखा उडतो, पेटी कधी गार तर कधी भट्टी

तक्रार साधारण अशी असते. पेटी घरी बनवलेली, प्लायवूडची, ४ × २ × २ फूट, समोर सरकती काच. एका टोकाला बल्ब, छताला यूव्ही ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी. पहिला महिना झकास जातो. मग बल्ब उडतो. नवा लावला की तोही तीन आठवड्यांत जातो. थंडीत भिंतीवरचा थर्मामीटर २७च्या वर सरकेना म्हणून १०० वॉटचा काढून १५०चा लावतात, आणि मार्च उजाडला की सरडा दिवसभर गार टोकाला तोंड उघडं टाकून बसतो. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की त्याच्या पायाची बोटं थरथरतायत.

या सगळ्यात दर वेळी बल्बच बदलला जातो, कारण बदलायला सगळ्यांत सोपी वस्तू तीच. खरं तर बल्ब सगळ्यांत शेवटी बदलायचा. आधी तापमान कुठे मोजताय ते बघा, मग होल्डर, मग थर्मोस्टॅट.

पुढचं सगळं बिअर्डेड ड्रॅगनसाठी, म्हणजे मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातल्या दाढीवाल्या सरड्यासाठी आहे. लेपर्ड गेको या दुसऱ्या पाळीव सरड्याला हेच आकडे लावू नका. आणि घोरपड पेटीत ठेवायचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडा: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती अनुसूची १ मध्ये आहे.

मोजमाप चुकतं कुठे

पेटीच्या मागच्या भिंतीला चिकटवलेला गोल डायल थर्मामीटर भिंतीजवळच्या हवेचं तापमान दाखवतो. सरडा ऊन खातो ते दगडावर बसून. त्याच्या पाठीला वरून बल्बची धग आणि पोटाला खालून दगडाची ऊब मिळते. भिंतीवर २८ दिसत असताना दगड ४८ला गेलेला असू शकतो. १५० वॉटचा बल्ब लावायची चूक नेमकी इथून सुरू होते.

हवे असलेले आकडे असे: ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश, गार टोकाची हवा २४ ते २७, आणि रात्री १८-२०पर्यंत उतरलं तरी निरोगी मोठ्या सरड्याला चालतं.

पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड गन लागते. कोविडच्या काळात कपाळाला लावायच्या ज्या गन घरोघरी आल्या त्या नाहीत. त्या अंगाच्या तापापुरत्याच असतात. वर्कशॉपमध्ये वापरतात ती घ्या. तिच्यावर १२:१ असं लिहिलं असेल तर ६० सेमीवरून ती ५ सेमी व्यासाचा गोल मोजते. लाल ठिपका नुसता नेम धरण्यासाठी असतो. काच सरकवून मोजा, कारण काचेतून रोखली तर गन काचेचंच तापमान सांगते. चकचकीत ॲल्युमिनियमवरही आकडा फसवा येतो. ऊन खायच्या जागेसाठी शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा सर्वांत बरा: खरखरीत असल्याने पाय घसरत नाहीत, ऊब धरून ठेवतो, आणि गनचा आकडा भरवशाचा येतो. कडाप्पा चालेल, पण पॉलिशची बाजू खाली घाला.

दिवे लावून दोन तास जाऊ द्या, कारण फरशी सावकाश तापते. मग फरशीचा मध्य, तिच्या चारही कडा आणि गार टोकाची जमीन मोजा. यानंतर जी पायरी बहुतेक जण गाळतात ती करा: फरशीवर ५ सेमी उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा, वीस मिनिटांनी त्याचा माथा मोजा. सरड्याची पाठ साधारण तिथे येते. फरशी ४१ आणि ठोकळ्याचा माथा ५० असेल तर बल्ब फार जवळ आहे किंवा त्याचा झोत फार अरुंद आहे. शेजारी खोलीचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर जानेवारीतल्या आकड्यांचा एप्रिलमध्ये काही उपयोग नाही.

उडालेला बल्ब फेकू नका, आधी बघा

टोपीच्या बुडाशी जे शिशाचं टपोरं टोक असतं ते चपटं होऊन त्यात काळा खड्डा पडलेला दिसला, तर दोष होल्डरचा. संपर्क सैल आहे, तिथे ठिणगी पडते आणि टोक जळत जातं. काच टोपीतून हलत असेल तर होल्डरपाशी उष्णता कोंडली आहे. टोक शाबूत, काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर संशय व्होल्टेजवर किंवा थर्मोस्टॅटवर घ्या.

होल्डरचं दुखणं आपल्याकडे फार. आपले घरगुती होल्डर पिनवाले, बी-२२. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारे बल्ब आट्यांचे, ई-२७. मधे पांढऱ्या प्लास्टिकचा कन्व्हर्टर बसवला की काम भागलं असं वाटतं. तो कन्व्हर्टर एलईडीसाठी ठीक आहे. ७५ वॉटच्या हॅलोजनखाली तो आधी पिवळा पडतो, मग वाकतो, मग संपर्क सैल होतो. यावर उपाय एकच: चिनी मातीचा आट्यांचा होल्डर, आणि त्याला जोडलेली वायरही उष्णता सोसणारी. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. बल्बच्या डोक्यावर ते वर्षभरात कडक होऊन तडकतं. होल्डरपासून पेटीच्या बाहेरपर्यंत सिलिकॉनची किंवा फायबरग्लासची नळी चढवलेली वायर वापरा. बल्ब आणि प्लाय यांत किमान ८ सेमी मोकळी जागा ठेवा, आणि बल्बच्या वर प्लायला सिमेंट शीटचा तुकडा ठोका. धातूचा डोम (बल्बवरची टोपीसारखी शेड) असेल तर त्याला अर्थिंग हवंच.

व्होल्टेज मल्टिमीटरने दुपारी आणि रात्री अकरानंतर, असं दोनदा मोजा. पुरवठा २३०चा म्हणतात, पण रात्री भार उतरला की २५०ला टेकतो अशा वस्त्या पुष्कळ आहेत. तारेच्या बल्बाचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताने घटतं. २३०च्या जागी २५० मिळाले तर ते एक तृतीयांशावर येतं. म्हणून जिथे निवड करता येते तिथे २२० नव्हे, २४० छापलेला बल्ब घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला बल्ब लावण्याआधी त्यावरचा आकडा वाचा. तिकडचा १२० व्होल्टचा असतो, इथे क्षणात उडतो, आणि काच फुटली तर खाली सरडा असतो.

थर्मोस्टॅट

सर्वांत जास्त वापरला जातो तो एसटीसी-१००० किंवा त्याची नक्कल. हा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आहे: ठरलेल्या अंशाला बल्ब पूर्ण बंद, खाली आलं की पूर्ण चालू. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहा-पंधरा पट कमी असतो, त्यामुळे दर वेळी चालू होताना करंटचा मोठा धक्का बसतो. चालू आणि बंद होण्यातला फरक अर्ध्या अंशाचा ठेवला असेल आणि दर दोन मिनिटांनी बल्ब लागत असेल, तर बारा तासांत ३६० धक्के. म्हातारी झालेली तार कुठल्या तरी धक्क्याला तुटणारच. शिवाय दिवसभर लुकलुकणाऱ्या सूर्याखाली प्राणी अस्वस्थ असतो तो वेगळाच.

प्रकाश देणाऱ्या बल्बला मंद करणारा, म्हणजे डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. तो मिळत नसेल तर हा जुगाड चांगला चालतो: घरातल्या दिव्याचा साधा हाताने फिरवायचा डिमर, ४०० वॉटचा. त्याने फरशी ४१ला आणून ठेवायची. एसटीसी-१००० त्याच्या मागे फक्त धोक्याची सीमा म्हणून, फरशी ४५ झाली की तोडण्यासाठी. असं लावलं तर तो महिन्यातून क्वचितच वीज तोडतो आणि बल्ब टिकतो. डिमर तारेच्या बल्बासाठीचा आहे ना, ते विचारून घ्या. तो सारखा निम्म्याखाली ठेवावा लागत असेल तर बल्ब मोठा झालाय, लहान वॉटचा आणा. हॅलोजन फार मंद चालवला की त्याची काच आतून काळी पडत जाते.

एसटीसी-१००० जोडताना होणारी एक चूक जिवावर बेतू शकते. मागच्या पट्टीवर ५ आणि ६ ही टोकं तापवण्याची, ७ आणि ८ गार करण्याची. बल्ब चुकून ७-८ला जोडला तर पेटी थंड असताना तो बंद आणि तापली की चालू, म्हणजे तापत गेली की अजून तापवणार. नकली यंत्रांवर क्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून बाजूला छापलेली आकृती बघा, आणि प्राणी आत सोडण्याआधी सेन्सर मुठीत धरून तपासा: मुठीच्या उबेने आकडा चढला की बल्ब विझला पाहिजे. यासाठी सेट आकडा तात्पुरता ३० ठेवा.

सेन्सरची काळी वायर फरशीवर नुसती सोडून देऊ नका. सरडा तिच्यावर बसतो, किंवा नखात अडकवून ओढून गार टोकाला नेतो. सेन्सरला २५ दिसतात, थर्मोस्टॅट बल्ब बंद करायचं विसरतो आणि फरशी पन्नाशी पार करते. फरशीच्या कडेला ४ मिमीचा छोटा खाचा पाडून सेन्सर त्यात बसवा आणि वायर मागच्या भिंतीला क्लिपने धरा. कडेचं तापमान मध्यापेक्षा तीन-चार अंश कमी असतं. तेवढा फरक गनने मोजून सेट आकड्यातून वजा करा. यंत्र स्वतः चुकीचं दाखवत असेल तर त्याच्या एफ-४ या सेटिंगने दुरुस्त करता येतं. बर्फ-पाण्याच्या ग्लासात सेन्सर बुडवला की शून्य यायला हवा.

रिले (थर्मोस्टॅटमधला चालू-बंद करणारा स्विच) चिकटून कायम चालू राहण्याचा प्रकारही होतो. म्हणून बल्बचे वॉट असे निवडा की थर्मोस्टॅट अडकला तरी गार टोक ३२च्या वर जाऊ नये. एक रविवार थर्मोस्टॅट काढून, प्राणी बाहेर ठेवून हे तपासून घ्या.

थंडीत तापत नाही

वॉट वाढवण्याआधी उष्णता जाते कुठून ते शोधा. हवेच्या झरोक्याची जाळी बल्बच्या बरोबर डोक्यावर असेल तर ती चिमणीचं काम करते. ती जागा बुजवून झरोका बल्बपासून फूटभर लांब घ्या. एक झरोका गार टोकाला खाली, एक समोरच्या अंगाला वर, एवढं पुरतं. पूर्ण बंद करू नका, ओल कोंडते. सरकत्या काचांच्या मधली फट पारदर्शक प्लास्टिक पट्टीने झाका. पेटी थेट खोलीच्या जमिनीवर असेल तर खाली इंचभर थर्माकोल घाला, पण पेटीच्या बाहेरून. आत घातलेला थर्माकोल किडे कुरतडतात आणि सरडा चाटतो.

मग उंची. दोन फुटी पेटीत हिशोब असा बसतो. आतली उंची साधारण ६० सेमी. छताला होल्डर ५ सेमी, पार-३८ आकाराचा बल्ब १३ सेमी, म्हणजे बल्बचं तोंड जमिनीपासून ४२ सेमीवर. खाली तीन इंची वीट आणि त्यावर शहाबादी ठेवली की फरशीचा माथा १० सेमीवर. बल्ब ते फरशी ३२ सेमी, बल्ब ते पाठ २७. हे चांगलं अंतर आहे. दोन विटा घातल्या तर पाठ २० सेमीच्या आत येते, आणि पाठीवर भाजल्याचे डाग पडतात ते इथेच. सरड्याला वरून भाजतंय हे पटकन कळत नाही, पोट गार असेल तर तो तिथेच बसून राहतो.

म्हणूनच एका मोठ्या बल्बापेक्षा दोन लहान बरे. ३० अंशांच्या झोताचा बल्ब ३० सेमीवरून जेमतेम १६ सेमीचा गोल तापवतो. मोठ्या बिअर्डीचं शेपूट सोडून अंगच २० ते २५ सेमी भरतं. एका १०० वॉटच्या जागी ५० वॉटचे दोन हॅलोजन फ्लड (रुंद झोताचे बल्ब), १५ सेमी अंतराने शेजारी शेजारी लावले तर सगळं अंग सारखं तापतं आणि मधला जळका ठिपका जातो. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर सुरुवात इथून करा. पुण्या-नाशकाच्या थंडीत ७५चे दोन लागू शकतात.

दुकानात नुसतं ‘पार-३८ द्या’ म्हणू नका. ३८ हा आकार आहे, इंचाच्या आठव्या भागात, म्हणजे पावणेपाच इंच व्यास. आज दुकानदार त्या नावाचा एलईडी काढून देतो. प्रकाश भरपूर, ऊब शून्य, आणि ‘नवा बल्ब लावला तरी तापत नाही’ ही तक्रार तिथून येते. हॅलोजन न मिळाल्यास तारेचा साधा १००चा बल्ब डोममध्ये लावून भागतं. कुक्कुटपालनातला २५० वॉटचा लाल दिवा या मापाच्या पेटीत आणू नका. आतून तापणारे ‘हीट रॉक’ही नकोत, त्यावर पोट भाजतं.

रात्री खोली १८च्या खाली जाते तिथेच सिरॅमिक हीटर लावा: प्रकाश नाही, नुसती ऊब. त्याला चालू-बंद थर्मोस्टॅट अगदी योग्य, कारण तुटायला तार नाही. तो दोनशे अंशांपलीकडे तापतो, म्हणून चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळीचा पिंजरा हवा. लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ नको, सरड्याला तो प्रकाश दिसतो. कोकणात आणि मुंबईत हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

उन्हाळा

विदर्भात मे महिन्यात खोलीच ३८-४०ला असते, आणि पेटीचं गार टोक खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. बल्ब सकाळी सात ते दहा, त्यानंतर बंद. यूव्ही ट्यूब आणि एलईडी दिवसभर चालू राहू द्या. ट्यूबचा चोक पेटीच्या बाहेर हलवा, तोही आत उष्णता ओततो. कूलरचा झोत थेट पेटीवर नको, ती हवा दमट असते.

तोंड उघडणं ओळखायला शिका. फरशीवर बसून थोडा वेळ आ वासणं म्हणजे पोटभर ऊन खाऊन झालं. गार टोकाला, काचेला नाक लावून आ वासणं म्हणजे त्याला पळायला जागा उरलेली नाही.

यूव्ही आहे, तरी बोटं थरथरतात

ड-३ जीवनसत्त्व कमी पडलं की अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि बोटं थरथरणं हे त्याचं लक्षण. कातडीत यूव्हीबीमुळे (अतिनील किरणांतला एक भाग) जे बनतं ते ड जीवनसत्त्वाचं आधीचं रूप. त्याचं खरं ड-३ व्हायला उष्णता लागते. ट्यूब एका टोकाला आणि बल्ब दुसऱ्या टोकाला, अशी ‘समतोल’ मांडणी म्हणूनच चुकीची. ट्यूब गरम टोकापासून पेटीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीवर पसरलेली हवी आणि तिचा प्रकाश फरशीवर पडायला हवा. तीही छतालाच, बाजूच्या भिंतीला नाही. भुवयांची कड डोळ्यांवर सावली धरते ती वरून येणाऱ्या उन्हासाठी.

सर्वांत फसवी चूक चोकची. चार फुटी ५४ वॉटची टी-५ (टी-८पेक्षा बारीक) ट्यूब आणि घरगुती २८ वॉटची टी-५ ट्यूब लांबीला एकच, पिनाही सारख्याच. २८च्या पट्टीत ५४ची यूव्ही ट्यूब बसते, पेटतेही, पण निम्म्या ताकदीने. डोळ्याला फरक कळत नाही, हाडांना कळतो. पट्टीवर ‘५४ वॉट’ किंवा ‘एचओ’ (हाय आउटपुट) छापलेलं असलंच पाहिजे. ४ फुटी पेटीत ३९ वॉटची आखूड ट्यूबही पुरते, तिला तिचा चोक.

रिफ्लेक्टरसह १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची टी-५ मधे जाळी नसताना पाठीपासून ३५ ते ४० सेमीवर हवी, जाळी असेल तर २५ ते ३०, कारण बारीक जाळी तिसरा हिस्सा ते निम्मा यूव्हीबी खाते. वरच्या एका विटेच्या मांडणीत हे अंतर ४०च्या आसपास येतं. मध्ये काच किंवा ॲक्रिलिक असेल तर यूव्हीबी जवळजवळ पोचतच नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही त्याच कारणाने बिनकामाचं. सोलरमीटर ६.५ (यूव्ही इंडेक्स मोजायचं यंत्र) कुणाकडे उसना मिळाला तर पाठीच्या उंचीवर ३ ते ४ यायला हवेत. टी-५ वर्षाने बदला, टी-८ सहा महिन्यांनी. तोवर ती पांढरी शुभ्र पेटत असते, म्हणून बसवल्याची तारीख मार्करने टोकावर लिहा. ज्या तारेच्या बल्बावर ‘यूव्हीबी’ लिहिलंय त्यातून यूव्हीबी निघत नाही, खोका काहीही म्हणो.

बाल्कनीतलं कोवळं ऊन उत्तमच, पण जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्धी सावली ठेवून. काचेची टाकी उन्हात काही मिनिटांत जीव घेते.

लाइट जाते-येते तिथे

गोल फिरणाऱ्या डायलचा टायमर वीज गेली की थांबतो. तीन तास भारनियमन झालं की दिवे तीन तास उशिरा विझतात. आठवड्याभरात सरड्याचा दिवस मध्यरात्री संपायला लागतो, मग तो सकाळी खात नाही आणि दोष पुन्हा बल्बाला. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, बारा ते तेरा तासांचा दिवस लावा. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर डिमर गुरगुरतो आणि बल्ब थरथरतो. इन्व्हर्टरवर फक्त एलईडी ठेवा, दोन-तीन तासांच्या गारव्याने काही बिघडत नाही.

बोटं थरथरत असतील, खालचा जबडा दाबल्यावर रबरासारखा वाकत असेल किंवा पाय ओढत चालत असेल, तर वरची कुठलीही दुरुस्ती त्या दिवसाचा उपाय नाही. कॅल्शियमची पूड जास्त घालूनही भागत नाही. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या, आणि जाताना ट्यूबवरचा छापील मजकूर, बसवल्याची तारीख आणि पाठीपर्यंतचं अंतर लिहून न्या. पहिले प्रश्न तेच असतील.